चौऱ्याहत्तर गुणांची कॉफी

माझी आत्या नाकाने जगते, असं माझे वडील म्हणायचे. ते तिचे धाकटे भाऊ, त्यामुळे त्या नाकाचा त्रास सगळ्यात जास्त त्यांनीच सोसला. शाळेत असताना त्यांनी एकदाच, मित्राच्या नादाने, सिगारेट ओढली. घरी येताना दोन पेरू खाल्ले, नळावर चूळ भरली, हात धुतले. आत्या जिन्यातच उभी होती. तिने विचारलं, "पेरूच्या आधी काय?" दूध संध्याकाळपर्यंत टिकेल की नाही हे ती सकाळीच सांगायची. घरात तिला नाकाडी म्हणत आणि ती चिडत नसे, कारण नाक खरोखरच जरा मोठं होतं.

बाविसाव्या वर्षी ती कॉफीच्या एका पेढीत कामाला लागली. ही पेढी निरनिराळ्या मुलखांतल्या शेतकऱ्यांकडून कॉफी घ्यायची आणि पुढे विकायची. घेण्याआधी नमुना तपासायचा. तपासणीची पहिली पायरी म्हणजे निवडणं, आणि ते काम आत्याचं. खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर काळं कापड, त्यावर साडेतीनशे ग्रॅम कच्च्या बिया पसरायच्या आणि किडक्या, फुटक्या, बुरसटलेल्या बिया वेचून मोजायच्या. मान खाली, हात चालू. असं तिने अठरा वर्षं केलं. या अठरा वर्षांत तिने कॉफी प्यायली ती फक्त पेढीतल्या जेवणाच्या सुट्टीत, तीही भरपूर दूध घालून.

पेढीची मालकीणबाई सकाळी निवडणीच्या खोलीतून चक्कर मारायची. जाता जाता आत्याला विचारायची, "आज काय म्हणतंय नाक?" आत्या सांगायची, की तिसऱ्या पोत्याला ओल लागलेली आहे, किंवा हे पोतं कांद्यांशेजारी ठेवलं होतं. मागाहून चौकशी केली की तसंच निघायचं. त्यामुळे चव घेणाऱ्या तिघांपैकी एक जण नोकरी सोडून गेला, तेव्हा मालकीणबाईने बाहेर माणूस शोधलाच नाही. चाळिसाव्या वर्षी आत्या निवडणीच्या टेबलावरून उठून चवीच्या टेबलाशी उभी राहिली. उभी, कारण तिथे कोणीच बसत नाही.

ते काम बाहेरून बघणाऱ्याला हास्यास्पद वाटतं. एका नमुन्याचे पाच वाडगे मांडायचे. दळलेली कॉफी आधी कोरडी हुंगायची. वर उकळतं पाणी ओतायचं. चार मिनिटांनी वर जी जाड साय येते ती चमच्याने मोडायची आणि नाक अगदी वाडग्यात घालायचं. मग वरचा फेस काढून टाकायचा, थोडं थांबायचं आणि चमचाभर कॉफीचा भुरका मारायचा. साधासुधा नाही. इतक्या जोरात, की कॉफी फवाऱ्यासारखी टाळूवर उडाली पाहिजे आणि तिचा वास घशामागून नाकात चढला पाहिजे. नंतर ती थुंकून टाकायची. आत्याला पहिला महिनाभर हा भुरका जमेना. पिताना आवाज करू नये म्हणून तिने लहानपणी धपाटे खाल्ले होते, आणि आता आवाज होत नाही म्हणून बोलणी खात होती. ती घरी न्हाणीघराचं दार लावून पाण्यावर सराव करायची. एकदा वडिलांनी बाहेरून विचारलं, "नळवाल्याला बोलवू का?"

तिला शिकवलं ते मोठ्या परीक्षकांनी. पेढीत सगळे त्यांना सर म्हणायचे. उंच, सडपातळ, नेहमी इस्त्रीचा पांढरा सदरा, वरच्या खिशात स्वतःचा चांदीचा चमचा. त्यांच्या जिभेचा पेढीने विमा उतरवलाय, अशी एक वावडी होती आणि ती त्यांनी कधी खोडून काढली नाही. पण शिकवायला ते मनापासून शिकवायचे. भिंतीवर वासांच्या नावांचा एक मोठा गोल तक्ता होता, त्यात चमेलीपासून भाजलेल्या बदामापर्यंत सगळं लिहिलेलं. आत्याला त्यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. तिला कॉफीत सापडायची ती नवी कोरी वही, ओली पाटी, नुकती तासलेली पेन्सिल. तिसरा परीक्षक जाड चष्मेवाला होता, तो हसायचा. सर हसले नाहीत. म्हणाले, "आधी तुमचा शब्द लिहा, मग तक्त्यातला शोधा. उलट केलंत तर तक्त्याचीच चव लागेल." आत्या हे वाक्य अजूनही नव्या लोकांना सांगते, आणि कोणाचं आहे तेही सांगते.

अशी सहा वर्षं गेली. सातव्या वर्षी एके दिवशी दुपारी एक म्हातारे गृहस्थ पिठाचा डबा घेऊन पेढीच्या दाराशी आले. नोकरीतून निवृत्त झालेले पोस्टमन होते ते. नदीपलीकडच्या डोंगरावर त्यांचं गाव. तिथली चाळीसएक घरं मोठ्या झाडांच्या सावलीत थोडी थोडी कॉफी लावायची, हे पेढीत कोणालाच माहीत नव्हतं. तिकडे कॉफी होते हेच माहीत नव्हतं. आजवर ती कोणीतरी गोळा करून न्यायचा आणि दुसऱ्या चार ठिकाणच्या कॉफीत मिसळून टाकायचा.

"मी चाळीस वर्षं लोकांची पत्रं ज्याच्या त्याच्या पत्त्यावर पोचवली," पोस्टमन आत्याला म्हणाले. "आमच्या कॉफीला मात्र पत्ताच नाही. तेवढा मिळतो का बघा."

नियम असा होता, की शंभरपैकी ऐंशी गुण मिळाले तर ती कॉफी तिच्या गावाच्या नावाने वेगळी विकली जायची. ऐंशीच्या खाली गेली तर मिसळणीत.

आत्याने बिया निवडल्या. जुनी सवय, तेवढं ती अजूनही स्वतः करायची. बिया लहान, वेड्यावाकड्या, पण निरोगी होत्या. दुसऱ्या दिवशी नमुना भाजला आणि तिसऱ्या दिवशी वाडगे मांडले. सरांनी विचारलं, "कुठली आहे?" चष्मेवाल्याने गावाचं नाव सांगितलं. सरांनी ते पुन्हा विचारलं. मग भुरका घेतला, थुंकले, पुन्हा घेतला. लिहायला जरा वेळ लावला. "सपक," ते म्हणाले. "चौऱ्याहत्तर." आणि चमचा पुसून खिशात ठेवला.

आत्यालाही गरम असताना फारसं काही सापडलं नव्हतं. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी वाटली. चष्मेवाल्याने सरांकडे बघून पंचाहत्तर लिहिले. आत्याने आकडा लिहिला नाही. म्हणाली, "सर, गार होऊ दे ना जरा."

"गार होऊन काय होणार? जे गरम असताना नाही, ते गार झाल्यावर कुठून येईल?"

आत्याला ते टोचलं. कारण तिला बरोबर उलटं शिकवलं होतं, आणि शिकवणारे सरच होते. कॉफी तीनदा चाखायची: गरम, कोमट, गार. गार झाल्यावर खोट्या कॉफीचं पितळ उघडं पडतं आणि लाजऱ्या कॉफीला कंठ फुटतो, हे त्यांचेच शब्द.

ते दोघे जेवायला गेल्यावर ती टेबलाशी थांबली. वाडगे पार निवले होते. तिने चमचा बुडवला. आधी तासलेल्या पेन्सिलीचं लाकूड आलं. त्यामागून जर्दाळू, पिकून मऊ झालेला. आणि थुंकल्यानंतर, तोंडात काहीच नसताना, लिंबाचं पान चुरगळल्यासारखं काहीतरी कितीतरी वेळ रेंगाळत राहिलं. तिने पाचही वाडगे चाखले. पाचहीत तेच. ती मला म्हणाली, "मला रडू आलं असं नाही गं. पण मी खुर्ची ओढून बसले. त्या खोलीत मी पहिल्यांदाच बसले."

बसल्या बसल्या तिला एकेक गोष्ट आठवायला लागली. मागच्या महिन्यात शेजारच्या खोलीत पाव जळला होता. सगळे खोकत बाहेर आले आणि सर मात्र शांतपणे लिहीत राहिले होते. एकदा त्यांच्या चहातलं दूध नासलेलं होतं, तिला टेबलाच्या या टोकाला कळलं, ते पूर्ण कप प्यायले. नमुना चाखण्याआधी "कुठली आहे?" हे विचारणंही गेल्या दोन वर्षांतलं. त्याआधी कोणी नाव सांगायला लागलं तर ते कान झाकून घ्यायचे.

दुपारी तिने तीन वाडगे तबकात ठेवले. दोहोंत डोंगरावरची कॉफी, तिसऱ्यात बाजारातली अगदी साधी. तिन्ही गार. सरांच्या खोलीत जाऊन तबक पुढे ठेवलं. "सर, यातला एक वेगळा आहे. मला तुमच्याकडून खात्री करून घ्यायची होती."

सरांनी वाडग्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. चमचा काढला नाही. म्हणाले, "दार लोटून घ्या."

तिने दार लोटलं.

"दोन वर्षं झाली. तो ताप आला होता ना, त्यानंतर. गोड, आंबट, खारट, कडू एवढं कळतं. बाकी काही नाही. तोंडात गरम पाणी असतं आणि डोक्यात जुनी वही. कुठली कॉफी ते कळलं, की तिची चव मला पाठ आहे. आंबटपणा किती, दाटपणा किती, ते जिभेला समजतं. उरलेलं तुमच्या चेहऱ्यांवर वाचतो."

"आणि ही?"

"हिचं पान वहीत नव्हतं."

आत्या म्हणते, की त्यांनी हे इतक्या सरळ आवाजात सांगितलं, जणू कितीतरी दिवसांपासून कोणीतरी विचारावं म्हणून वाट बघत होते.

"मालकीणबाईंना सांगणार?" त्यांनी विचारलं.

"तुमची गोष्ट तुम्हीच सांगायची, सर. मी कशाला सांगू? पण त्या चौऱ्याहत्तरावर मी सही करणार नाही."

"सही का नाही, असं विचारतील."

"मग मला सांगावं लागेल."

"म्हणजे एकच झालं."

"नाही सर," आत्या म्हणाली. "एकच नाही. तुम्ही आधी सांगितलंत तर एकच नाही."

दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. आत्याच्या घशाखाली घास उतरेना. वडील तिला म्हणाले, "तू चूक केलीस का?" ती म्हणाली, "नाही." "मग जेव." ती म्हणाली, "ज्याने मला चमचा धरायला शिकवलं, त्याच्याच हातातला मी काढून घेतला. बरोबर असलं म्हणून घास उतरतो का?" मधल्या दिवसांत पोस्टमनांचा फोन आला, आमच्या कॉफीचं काय झालं म्हणून. तिने सांगितलं, "अजून तपासणी चालू आहे." तेवढं खरं होतं.

चौथ्या दिवशी सर आले. तोच इस्त्रीचा सदरा. थेट मालकीणबाईच्या खोलीत गेले आणि तासभर बाहेर आले नाहीत. बाहेर आले ते चवीच्या खोलीत. आत्या आणि चष्मेवाला दोघे तिथेच होते. सर उभ्यानेच म्हणाले, "माझा वास गेला आहे. दोन वर्षं झाली. मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. या दोन वर्षांतले माझे सगळे गुण पुन्हा तपासा." सर आत्याशी वेगळं काही बोलले नाहीत. टेबलावरचा आपला पेला उचलून गेले.

पोस्टमनांची कॉफी निनावी करून दुसऱ्या एका पेढीच्या परीक्षकांकडे धाडली. साडेशहाऐंशी गुण मिळाले. तिला पत्ता मिळाला. गाव तर एवढं खूश झालं, की पोस्टमन आणखी तिघा-चौघांना घेऊन पेढी बघायला आले. आत्याने त्यांच्यासाठी वाडगे मांडले. त्यांच्यातल्या एका आजीबाईंनी एक घोट घेतला आणि शेजारणीला हळूच म्हणाल्या, "कडूजहर आहे गं." मग आत्याला विचारलं, "साखर नाही का तुमच्याकडे?" आत्याने साखर दिली. पोस्टमन मात्र बिनसाखरेची, गार झालेली पुन्हा पुन्हा घेत राहिले. "ही आमचीच का?" त्यांनी दोनदा विचारलं.

इथवरचं आत्या हसत सांगते. पुढचं सांगताना हसत नाही.

दोन वर्षांतले नमुने पेढीने थोडे थोडे जपून ठेवलेले असतात. आत्या आणि चष्मेवाला महिनाभर तेच चाखत होते. निकाल विचित्र निघाला. नावाजलेल्या, वर्षानुवर्षांच्या कॉफ्यांचे सरांचे गुण जवळजवळ सगळे बरोबर होते, कुठे अर्ध्या गुणाचा फरक. त्यांची वही खरंच पक्की होती. चुकले होते ते अकरा नमुने. आणि ते अकराही नव्या, कोणाला माहीत नसलेल्या ठिकाणचे.

"म्हणजे बघ," आत्या मला म्हणाली, "ज्यांना आधीच ओळखत होतो, त्यांचं काही बिघडलं नाही. जे पहिल्यांदा आशेने दारात आले, त्यांनाच परत पाठवलं. सर वाईट नव्हते. पण फटका बसला तो नेमका त्या नव्यांनाच."

आणि तिला दुसरंही टोचत होतं. त्या अकरा कागदांवर तिचीही सही होती. तिचे गुण सरांपेक्षा थोडे वर होते, पण थोडेच. गार व्हायची वाट न बघता तीही जेवायला जात होती. सर म्हणतात म्हणजे असेल, असं म्हणून तिने स्वतःच्या नाकाला अकरा वेळा गप्प केलं होतं.

मालकीणबाई म्हणाली, पेढीच्या वतीने एक छापील पत्र पाठवू. आत्या म्हणाली, पत्रं मी लिहीन. अकरा पत्रं तिने हाताने लिहिली. तुमच्या कॉफीला आम्ही चुकीचे गुण दिले, चूक आमची होती, नमुना पुन्हा पाठवाल का. सात जणांनी पाठवला. त्यातले चार ऐंशीच्या वर गेले. तिघांचं उत्तर आलं नाही. अकराव्याचं पोस्टकार्ड आलं, दोन ओळींचं. पत्र पोचलं. झाडं मागच्या वर्षी तोडली.

ते कार्ड आत्याने भिंतीवरच्या तक्त्याच्या कडेला टाचलं. चष्मेवाला म्हणाला, "ताई, रोज कशाला डोळ्यांसमोर?" ती म्हणाली, "रोज डोळ्यांसमोर राहावं म्हणूनच."

तिला मोठी परीक्षक केलं. तिने तीनच गोष्टी बदलल्या. नमुन्यावर नाव नाही, फक्त आकडा. आणि वाडगे गार होऊन तिसरी फेरी झाल्याशिवाय कोणी खोली सोडायची नाही. शिवाय दर सोमवारी सगळ्यांनी वासाच्या बाटल्या हुंगून स्वतःची परीक्षा द्यायची, सुरुवात तिच्यापासून. पहिल्या सोमवारी तिला लवंग ओळखता आली नाही. सर्दी झाली होती. त्या आठवड्यात तिने एकाही कॉफीला गुण दिले नाहीत आणि पुन्हा निवडणीच्या टेबलावर जाऊन बसली.

सरांशी तिचं बोलणं बंदच होतं. ते भेटायला येत नव्हते, तिचा पाय वळत नव्हता. दीड वर्षाने सरांच्या बायकोचा फोन आला. "येऊन जा एकदा. ते म्हणणार नाहीत, मीच म्हणते."

आत्या गेली. मलाही बरोबर नेलं, कारण एकटीला धीर होत नव्हता. मी तेव्हा कॉलेजात होते. तिसऱ्या मजल्यावरचं छोटं घर, खिडकीत कुंड्या. सर जरा वाळले होते. आधी हवापाणी झालं, मग चष्मेवाल्याच्या लग्नाचा विषय झाला. सरांनी स्वतः उठून कॉफी केली आणि आम्हाला दिली. आत्याने घोट घेतला. तिथे भुरका मारायची तिची हिंमत झाली नाही, पण सर तिच्या चेहऱ्याकडे बघतच होते.

"कशी आहे?"

मला वाटलं, ती आता चांगली म्हणेल. कोणीही म्हटलं असतं.

"करपलीय, सर."

सरांची बायको आतून म्हणाली, "मी रोज सांगते, माझं ऐकत नाहीत." आणि सर हसले. पहिल्यांदाच. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "त्या पोस्टकार्डवाल्याकडे गेलो होतो मी."

आत्याने आपलाही कप खाली ठेवला.

"चष्मेवाल्याने पत्ता दिला. दोन गाड्या बदलाव्या लागतात, मग चालत. मनाची तयारी करून गेलो होतो. वाटलं, ओरडेल, हाकलून देईल. निदान तेवढं तरी त्याने करावं. त्याला सांगितलं, तो चौऱ्याहत्तर की बहात्तर लिहिणारा माणूस मी. त्याने माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन खुर्ची आणली. म्हणाला, चढ फार आहे, आधी बसा."

"मग?"

"मग काय. बसलो. त्याच्या अंगणात आता कोबी आहे. बरा आलाय, म्हणाला. मागच्या बाजूला दोन ओळी तोडायच्या राहिल्या होत्या, त्या दाखवल्या. झाडांना फळं होती. एक फळ तोडून त्याने माझ्या हातात दिलं. मी ते तोंडात टाकलं. गोड होतं. तेवढं मला कळतं."

खाली रस्त्यावर कोणीतरी मोटारीचं दार दोनदा आपटलं. आत्याने कप उचलला आणि ती करपलेली कॉफी हळूहळू, तळापर्यंत प्यायली. मग विचारलं, "त्या दोन ओळींतल्या बिया मागवता येतील का, सर?"

"मी विचारलं नाही," सर म्हणाले. "पेढीतून मी निघून आलोय. तुम्ही विचारा."

निघताना त्यांनी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला, खाली कुठली गाडी कुठे बदलायची तेही. जिना उतरताना आत्याने ती दोनदा वाचली. पुढच्या रविवारी ती एकटीच गेली.